बोटीची बॅटरी: आधी भरायचा हिशेब, मग आकाराचा

प्रश्न असा आहे: गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर आमच्या गावच्या मच्छीमार संस्थेची २२ फुटी फायबरची बोट आहे. जाळी टाकायला-काढायला १२ व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर लावली, सोबत दिवे, फिशफाइंडर (पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र) आणि पाणी उपसायचा छोटा पंप. आधी ट्रॅक्टरची ८८ एएचची (अँपियर-तास, बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) बॅटरी ठेवली, ती सात महिन्यांत बसली. मग तसलीच नवी आणून जुनीला जोडली. आता दोन्ही मिळून तासभरही चालत नाहीत. चार बॅटऱ्या घ्याव्या का? चार्जर कोणता घ्यावा? सोलरवर भागेल का?

भाऊ, चार बॅटऱ्या घेऊ नका. आज भरायची जी पद्धत आहे त्या पद्धतीने चारही मरतील आणि पैसे दुप्पट जातील. पवनी-भंडारा पट्ट्यात बॅटरीचं काम करता करता मला सव्वीस वर्षं होत आली. ट्रॅक्टर, घरचे इन्व्हर्टर, शेतातले सोलर, आणि धरणाचं पाणी चढल्यापासून बोटी. माझ्याकडे डेड म्हणून आलेल्या बॅटऱ्यांमध्ये वापरून वापरून झिजलेल्या फार थोड्या असतात. बाकीच्या उपाशी मेलेल्या. रोज काढली दहा आणे, भरली सहा आणे, आणि पोटभर कधीच नाही. म्हणून मी हिशेब उलट्या बाजूने धरतो. तुमच्या काठावर रोज किती वीज परत भरता येईल ते आधी, बॅटरी किती मोठी ते नंतर.

ट्रॅक्टरची बॅटरी सात महिन्यांत का बसली ते आधी सांगतो, नाहीतर नवीचंही तेच होईल. अशीच एक बॅटरी एका मच्छीमाराने आणून टाकली होती. त्याच्यासमोर मी तिचं झाकण आरीने कापून एक सेल, म्हणजे आतल्या सहा कप्प्यांपैकी एक, उघडला. पॉझिटिव्ह प्लेट चॉकलेटी असायला हवी, होतीही. पण बोट लावलं तशी ओल्या मातीच्या भिंतीसारखी खपली सुटून आली. डब्याच्या तळाला बोटभर जाडीचा तपकिरी गाळ बसला होता. तो प्लेटांचाच माल. निगेटिव्ह प्लेट मऊ, राखाडी असते. चांगल्या प्लेटवर नख ओढलं की शिशाची चकाकी उमटते. इथे नख घसरत होतं. वर पांढरट, खडीसाखरेसारखा कडक थर बसला होता.

तो थर म्हणजे लेड सल्फेट. चार्ज बॅटरीत एका प्लेटवर शिशाचं डायऑक्साइड, दुसरीवर स्पंजासारखं सच्छिद्र शिसं आणि मध्ये सल्फ्युरिक ॲसिड असतं. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं आणि ॲसिड पातळ होत जातं. ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा पाण्याच्या तुलनेतला जडपणा, उतरते ती त्यामुळे. लगेच चार्जिंगला लावलं तर हे सल्फेट बारीक आणि मऊ असतं, सहज विरघळतं. दिवसामागून दिवस तसंच राहिलं की त्याचे मोठे खडे होतात, आणि मग चार्जरला ते फुटत नाहीत. तेवढी प्लेट कायमची गेली.

गाळाची गोष्ट वेगळी. ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. दोन-तीनशे अँपियर, पण चार-पाच सेकंद. तेवढा करंट एकदम द्यायचा म्हणून तिच्यात प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. इंजिन लागलं की अल्टरनेटर काढलेलं लगेच परत करतो. तिला अर्ध्यावर उतरण्याची सवयच नसते. तुम्ही रोज रात्री तिला तळापर्यंत नेत होता. प्रत्येक उतार-चढावाला पातळ प्लेट फुगते, आकसते आणि माल सोडते. बॅटरी वाईट नव्हती, कामच तिचं नव्हतं.

बोटीला ट्युब्युलर बॅटरी लागते. तिच्या पॉझिटिव्ह प्लेटमध्ये शिशाच्या सळ्या असतात आणि त्यांच्याभोवती विणलेल्या कापडाच्या नळ्यांत माल ठासून भरलेला असतो, त्यामुळे तो सहज गळत नाही. घरच्या इन्व्हर्टरला असते तीच जात. घेताना लेबलवर सी-१० लिहिलंय की सी-२० ते बघा. १५० एएच सी-१० म्हणजे १५ अँपियर दहा तास. १५० एएच सी-२० म्हणजे साडेसात अँपियर वीस तास, म्हणजे त्याच आकड्याची पण प्रत्यक्षात थोडी लहान बॅटरी. सोलरसाठी विकतात त्या बहुतेक सी-१० असतात. भाव विचारताना दोन्ही दुकानांत एकाच सी-चा आकडा विचारा, नाहीतर तुलना चुकते.

आता रोजचा खर्च मांडू. हे काम संस्थेच्या पोरांना सोबत बसवून, वहीवर करा. मी तुमच्या वर्णनावरून अंदाज धरतो, तुम्ही तुमचे आकडे घाला.

मोटर पूर्ण वेगाला ५० अँपियर खाते. वारा अंगावर आला की अर्धा तास तरी पूर्ण वेग लागतो, ते २५ एएच. जाळ्याच्या रांगेने हळू जाताना ती २० अँपियरवर चालते. एक तास धरला तर २० एएच. दोन एलईडी दिवे १०-१० वॅटचे, चार तास: ८० वॅट-तास, भागिले १२, साधारण ७ एएच. सर्चलाइट अर्धा तास, दीड. पंप दिवसातून वीस मिनिटं, एक. फिशफाइंडर चार तास, दोन. तिघांचे मोबाईल, साडेतीन. बेरीज ६० एएच.

बघा, ६० पैकी ४५ एकटी मोटर खाते. दिवे बदलून बचत करण्याच्या मागे लागू नका, एलईडी आहेत तेवढे पुरे. बचत करायची असेल तर मोटरच्या वेगात. पाण्यात वेग थोडा वाढवला की करंट दुपटी-तिपटीने चढतो. पूर्ण वेगाला ५० आणि हळू जाताना २० अँपियर, हा फरक तुम्ही स्वतः ॲमीटर लावून पाहा. तुमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न नव्हता. नदी होती, बांबू टेकवत डोंगा जात होता. १९८८ मध्ये धरणाची पायाभरणी झाली, पुढे पाणी अडलं, आणि आता वैनगंगेच्या जागी मोकळं पाणी आहे. लाटा येतात, बांबू तळाला लागत नाही. मोटर ही चैन नाही हे मी जाणतो. परत येण्यापुरता पूर्ण वेग हाताशी असलाच पाहिजे, आणि पुढचा सगळा हिशेब त्यासाठीच आहे.

या ६० मध्ये एक छुपा खर्च मिळवायचा. बॅटरी जितक्या जोरात रिकामी कराल तितकी ती कमी देते. दहा तासांत काढली तर शंभर टक्के. पाच तासांच्या वेगाने काढली तर साधारण ८३. तीन तासांच्या वेगाने ७२. एका तासात ओरबाडली तर जेमतेम ५०. २०० एएचच्या बॅटरीतून ५० अँपियर म्हणजे चार तासांचा वेग, अठ्ठ्याहत्तर-एक टक्के. म्हणून पूर्ण वेगाचे २५ एएच बॅटरीला ३२ इतके जड जातात. बेरीज ६७ वर गेली. तुमच्या दोन जुन्या बॅटऱ्या तासभरही का टिकत नाहीत, त्याचं अर्धं उत्तर यातच आहे.

६७ रोजचे. बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे किमान १३४ एएच हवी. बॅटरी म्हातारी होताना तिची क्षमता ८० टक्क्यांवर येते, त्या वयातही भागलं पाहिजे. १३४ भागिले ०.८ म्हणजे १६८. बाजारात मिळणारी पुढची सोयीची बेरीज २००. नव्या २०० मधून रोज ६७ म्हणजे एक तृतीयांश, म्हातारपणी बेचाळीस टक्के. एखाद्या दिवशी ढगामुळे किंवा लाईट नसल्यामुळे काहीच भरलं नाही, तरी दुसऱ्या रात्री तुम्ही काठावर परत याल.

एक २०० एएच घ्यावी की १००-१०० च्या दोन? मी दोन सांगेन. मोठी ट्युब्युलर ६० किलोच्या वर भरते. पावसाळ्यात चिखलाच्या काठावरून ती उचलताना घसरली तर माणूस आणि बॅटरी दोघं गेले. १०० ची पस्तीस-चाळीस किलोत येते, दोघं जण नीट नेतात. पण दोन्ही एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या बनावटीच्या घ्या. जुनीला नवी जोडली तिथे तुमचं दुसरं नुकसान झालं. समांतर जोडणीत दोघींचा व्होल्टेज एकच राहावा लागतो. जुनीचा एखादा सेल कमजोर असला की ती नवीला रात्रभर खाली ओढते आणि चार्जरचा करंटही गिळते. नवी बिचारी कधी भरतच नाही.

जोडताना पॉझिटिव्हची मुख्य वायर पहिल्या बॅटरीवरून घ्या आणि निगेटिव्हची दुसऱ्या बॅटरीवरून. तिरकी. दोन्ही वायरी एकाच बॅटरीवरून घेतल्या तर ती जास्त राबते आणि आधी मरते. मधल्या दोन जोडवायरी सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या ठेवा.

आता भरायचं. माझं सगळं सांगणं या भागासाठी आहे.

६७ काढले तर ६७ भरून चालत नाही, १५ टक्के वाया जातात. म्हणजे सुमारे ८० एएच आत गेले पाहिजेत. ट्युब्युलरला तिच्या एएचच्या दहा टक्के करंट मानवतो: २०० ला २० अँपियर. ८० भागिले २० म्हणजे चार तास, असं गणित लोक करतात आणि चार तासांनी चार्जर काढतात. इथेच बॅटरी उपाशी राहते. सुरुवातीला ती पूर्ण २० अँपियर घेते आणि व्होल्टेज चढत जातो. १४.४ ला पोचली की चार्जरने व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचा. मग बॅटरी स्वतःच करंट कमी कमी घेत जाते. या टप्प्यावर ती साधारण ८० टक्के भरलेली असते. उरलेले २० टक्के भरायला आणखी तीन-चार तास लागतात. घाई करून चालत नाही, प्लेटच्या आतल्या थरापर्यंत ॲसिड पोचायला तेवढा वेळ लागतोच. आणि नेमके हेच २० टक्के रोज सोडून दिले की त्यांचे खडे होतात. करंट ४ ते ६ अँपियरवर उतरून तिथेच स्थिर झाला की बॅटरी भरली. त्यानंतर चार्जरने १३.५-१३.६ वर उतरून नुसतं सांभाळत बसायचं.

म्हणून चार्जर असा घ्या की तो हे तीन टप्पे स्वतः करतो, त्यावर ट्युब्युलर किंवा फ्लडेड (पाणी टाकायची बॅटरी) असा पर्याय आहे, आणि तो २० अँपियरचा आहे. गॅरेजमधला साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर व्होल्टेज धरून ठेवत नाही. नजर चुकली की बॅटरी उकळत राहते. दुसरीकडे ५-६ अँपियरचा छोटा चार्जर २०० एएचला रात्रभर लावला तरी पुरत नाही. विजेचा खर्च फार नाही, एका वेळेला सव्वा-दीड युनिट. अडचण वेळेची आहे. सात-आठ तास सलग लाईट तुमच्या काठावर मिळते का, हे तुम्हीच जाणता.

तुमचा दिवस पाहिला तर सोलर तुम्हाला शेतकऱ्यापेक्षाही बरं बसतं. जाळं संध्याकाळी टाकता, पहाटे काढता. आठपासून चारपर्यंत बोट काठाला बांधलेली असते. तेच तास उन्हाचे. ८० एएच म्हणजे १३.५ व्होल्टला साधारण १,०८० वॅट-तास. धूळ, उष्णता, वायर, कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) यात पाव भाग जातो, म्हणून १,४४० धरा. आपल्याकडे वर्षाचा मेळ घातला तर दिवसाला साडेचार तास पूर्ण उन्हाचे धरायला हरकत नाही. १,४४० भागिले साडेचार, ३२० वॅट. म्हणजे ३३० वॅटचं एक पॅनल. जुलै-ऑगस्टमध्ये यातलं निम्मंही येणार नाही, तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी लाईटवर पूर्ण चार्ज करावंच लागेल.

यात एक ठिकाणी लोक हमखास फसतात. ३३० वॅटचं पॅनल ३७ व्होल्टच्या आसपास ९ अँपियर देतं. त्याला स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला तर तो ९ अँपियरच बॅटरीत पाठवतो, वरचा व्होल्टेज वाया. ३३० चं पॅनल १२० वॅटचं होऊन बसतं. एमपीपीटी कंट्रोलर तोच जादा व्होल्टेज करंटमध्ये बदलतो आणि चांगल्या उन्हात १८-२० अँपियर देतो. महाग आहे, पण इथे पैसे वाचवू नका. ३० अँपियरचा घ्या.

पॅनल बोटीच्या टपावर नको, वाऱ्यात बोट डुलते आणि माणसाची, जाळ्याची सावली पडत राहते. काठावरच्या शेडच्या पत्र्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसवा. कंट्रोलर मात्र शेडमध्ये ठेवू नका, बॅटरीजवळ बोटीत ठेवा. शेड ते बोट १५ मीटर धरू, ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन ३० मीटर. कंट्रोलर बोटीत असेल तर या लांब वायरीतून ३७ व्होल्टचे ९ अँपियर येतात आणि पाऊण-एक व्होल्ट पडतो, दोन टक्के. कंट्रोलर शेडमध्ये असेल तर त्याच वायरीतून १४ व्होल्टचे २० अँपियर जातील आणि पावणेदोन व्होल्ट पडतील. कंट्रोलरला वाटेल बॅटरी १४.४ ला पोचली. प्रत्यक्षात तिच्या टर्मिनलवर पावणेतेरासुद्धा नसतील. एका संस्थेची बोट मी याच कारणाने वर्षभर आजारी पाहिली. पॅनल बदललं, बॅटरी बदलली, कंट्रोलर बोटीत न्यायचं कुणाला सुचलं नाही. मला बोलावलं तेव्हा मीटरचे दोन कांडे आधी कंट्रोलरवर, मग बॅटरीवर ठेवले, आणि दोन आकड्यांतच दुखणं सापडलं. पॅनलची वायर सोडायला-जोडायला जाड प्लग-सॉकेट लावा, नुसते तारेचे पीळ नको.

हाच नियम मोटरच्या वायरला. बॅटरीपासून मोटर ४ मीटर असेल तर जाऊन-येऊन ८. त्यात १० स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर ५० अँपियरला पाऊण व्होल्टच्या जवळ पडतो; २५ ची टाकली तर पाव व्होल्टच्या थोडा वर. २५ ची टाका. वायरीच्या टोकाचे लग दाबून बसवा, हातोडीने ठोकून नाही. आणि पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात ६० अँपियरचा फ्यूज लावा. तो वायरीसाठी असतो. फायबरच्या बोटीत तापलेली वायर म्हणजे काठापासून दूर लागलेली आग.

आता आपल्या उन्हाचं. १४.४ हा आकडा बॅटरी २७ अंशांला असतानाचा. बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेज लागतो, दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीमागे २४ ते ३० मिलिव्होल्टने. मे अखेरच्या नवतपात हवा ४५-४६ ला असते आणि बंद पेटीतली बॅटरी सहज ४२ च्या वर जाते. तिथे १४.४ नव्हे, १४.० पुरतात, १४.४ दिले तर ती पाणी उकळत बसते आणि प्लेटांच्या जाळ्या गंजतात. उलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बॅटरी दहा-बारा अंशांवर असते, तेव्हा १४.८ दिल्याशिवाय ती भरत नाही. कंट्रोलरसोबत तापमानाचा सेन्सर येतो, छोट्या वायरीला मणी असतो तसा. तो मणी बॅटरीच्या अंगाला चिकटवा. बरेच जण तो पिशवीतच ठेवून देतात. दर १० अंश जास्त उष्णतेला बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून पेटीवर सावली हवीच. पांढरा रंग आणि वर भिजलेलं पोतं, एवढ्यानेही खूप फरक पडतो.

बॅटरी भरली की नाही ते मीटरवर नाही, हायड्रोमीटरवर कळतं. स्वस्तात मिळतो, संस्थेकडे असलाच पाहिजे. काचेच्या नळीत ॲसिड ओढा, आतला तरंगता काटा कडेला चिकटू देऊ नका, डोळा पातळीवर आणून आकडा वाचा. आपल्याकडच्या ट्युब्युलरची पूर्ण चार्ज ग्रॅव्हिटी १२४० च्या आसपास असते, ट्रॅक्टरच्या बॅटरीसारखी १२६०-१२८० नसते. त्यामुळे चार्जिंग काढून तीन-चार तास शांत ठेवलेल्या तुमच्या नव्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट दिसणार नाहीत, १२.५ दिसतील, आणि तेच बरोबर आहे. हिशेब सोपा आहे: १२४० म्हणजे १.२४०, त्यात ०.८४ मिळवा, सहा सेल म्हणून सहाने गुणा. १२.७ ची वाट बघत कुणी चार्जरचा व्होल्टेज वाढवत बसू नये. ११८० ला, म्हणजे शांत असताना १२.१ व्होल्टला, मोटर बंद करून वल्ह्याने काठ गाठा. उन्हाळ्यात वाचलेल्या आकड्यात दुरुस्ती करा: २७ च्या वर दर १५ अंशांना १० मिळवायचे. ४२ अंशांच्या ॲसिडमध्ये १२३० वाचलात तर ते १२४० आहे.

एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ३० ने खाली दिसू लागला तर कंट्रोलरचं इक्वलायझेशन, म्हणजे सगळे सेल बरोबरीला आणणारं जादा चार्जिंग, वापरा. महिन्यातून एकदा, आधी पूर्ण चार्ज करून, मग १५.५ व्होल्टवर दोन-तीन तास. ॲसिड जड असतं, तळाशी बसतं. या बुडबुड्यांनी ते वरखाली ढवळलं जातं आणि मागे पडलेला सेल बरोबरीला येतो. त्या वेळी फिशफाइंडर आणि दिवे सोडवून ठेवा, इतका व्होल्टेज त्यांना सोसत नाही. बॅटरी हाताला चटका देऊ लागली तर थांबा. सीलबंद किंवा जेल बॅटरीला हे कधीच करायचं नाही.

पाणी डिस्टिलच. आरओचं नाही, बोरवेलचं तर नाहीच. चार्जिंग संपल्यावर टाका, आधी टाकलं तर चार्ज होताना फुगून बाहेर येतं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या झाकण्यापुरतं आधी. ॲसिड कधीही टाकू नका. पातळ झालेलं ॲसिड प्लेटांत सल्फेट होऊन बसलेलं असतं, ते चार्जिंगनेच परत येतं.

आता एक गोष्ट, ती मात्र शब्दाला शब्द पाळा. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के मिसळला की ठिणगीला पेट घेतो. काही वर्षांपूर्वी एका तलावावर दुरुस्तीला गेलो होतो. बॅटरी घट्ट झाकणाच्या लाकडी पेटीत, चार्जर रात्रभर चालू. मी झाकण उचललं आणि चार्जर बंद न करता क्लिप काढली. ठिणगी दिसली तेवढी आठवते, मग बंदुकीसारखा आवाज. बॅटरीचं वरचं कव्हर फुटून उडालं, ॲसिड तोंडावर आलं. सोबतच्या माणसाने मला तसंच धरून पाण्यात नेलं आणि वीस मिनिटं डोळे धुवायला लावले. डोळे वाचले ते त्याच्यामुळे. म्हणून: पेटीच्या वरच्या अंगाला दोन्ही बाजूंनी भोकं ठेवा, हा वायू हलका आहे, वरून जातो. झाकण उघडून थोडा वेळ जाऊ द्या. चार्जर आधी बंद, मग क्लिप. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. बिडी लांब. बोटीत स्वच्छ पाण्याचा कॅन आणि खाण्याच्या सोड्याची पुडी ठेवा. सोडा सांडलेल्या ॲसिडवर टाकायला, डोळ्यांना फक्त पाणी.

पेटी बोटीच्या मधोमध, तळाला, पट्ट्याने आवळून बसवा. ऐंशी किलो वजन लाटेत एका कडेला सरकलं तर बोट उलटायला वेळ लागत नाही.

जुन्या दोन बॅटऱ्यांचं शिसं जाळ्याच्या गोळ्या करायला चुलीवर वितळवायचं, असं कुणी सुचवेल. आपल्या भागात पूर्वीपासून करतात. ते करू देऊ नका. बॅटरीच्या प्लेटमधलं शिसं धुरातून आणि धुळीतून घरात पसरतं, अंगणात, भांड्यांवर बसतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, तो भरून निघत नाही. गोळ्या बाजारातून घ्या. जुन्या बॅटऱ्या नवी घेताना दुकानात द्या, त्यांचे पैसे वजा होतात. २०२२ च्या नियमांनी त्या परत घेऊन नीट गाळायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे.

पण द्यायच्या आधी एक करा. दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून सोडवा. नंतर घेतलेली एकटी आठ-दहा अँपियरवर, वर सांगितलं तशी पूर्ण चार्ज करा, करंट उतरून स्थिर होईपर्यंत, मग रात्रभर शांत ठेवा. सकाळी तिच्या सहाही सेलची ग्रॅव्हिटी आणि टर्मिनलचा व्होल्टेज लिहून मला पाठवा. सहाही सेल १२४० च्या वर आणि एकमेकांच्या जवळ असतील तर ती मेलेली नाही, जुनीच्या संगतीने उपाशी आहे. मोटरला ती नाहीच चालणार, पण संस्थेच्या ट्रॅक्टरला अजून दोन वर्षं सेल्फ मारेल.